तीन नाणी, आठ गण आणि माझा गेलेला मार्क

बँक परीक्षेचा सराव पेपर सोडवत होते. प्रश्न आला: तीन नाणी उडवली, तर नेमका एकच छापा पडण्याची संभाव्यता किती? मी हिशेब केला, छापे शून्य, एक, दोन किंवा तीन. म्हणजे शक्यता चार, उत्तर १/४. पर्यायांत १/४ होतंच! मार्क गेला, वर "साहित्यवाल्यांना गणित कुठलं जमतंय" हेही ऐकून घेतलं.

गंमत म्हणजे हे गणित आपण वृत्तांच्या तासाला शिकलोय. छापा म्हणजे लघू, काटा म्हणजे गुरू असं धरा. तीन अक्षरांचा गण, प्रत्येक जागी दोन पर्याय, म्हणून २ × २ × २ = ८ गण. 'यमाताराजभानसलगा' पाठ आहे ना? आता नेमका एक लघू असलेले गण शोधा. 'कहाणी'मध्ये लघू पहिला (य गण), 'सोबती'त मधला (र गण), 'आकाश'मध्ये शेवटचा (त गण). झाले तीन! उत्तर ३/८. मी लघू किती ते मोजलं, पण तो कुठे कुठे बसू शकतो ते मोजलंच नाही. तिन्ही लघू मात्र एकाच प्रकारे येतात, न गण. म्हणून माझ्या चार शक्यता सारख्या वजनाच्या नव्हत्याच.

(एक दिलासा: फ्रेंच गणिती दालाँबेर यानेही १७५४ मध्ये विश्वकोशात अशीच गफलत केली. दोन फेकींत निदान एक छापा पडण्याची संभाव्यता त्याने २/३ मानली. खरी ३/४ आहे.)

शून्य, एक, दोन, तीन लघू असलेले गण अनुक्रमे १, ३, ३, १. चार अक्षरांना १, ४, ६, ४, १. हे सहा कुठून आले? चारांत दोन लघू हवेत. शेवटचं अक्षर गुरू असेल, तर आधीच्या तिनांत दोन लघू: ३ प्रकार. शेवटचं लघू असेल, तर आधी एकच: पुन्हा ३. म्हणजे वरच्या ओळीतल्या शेजारच्या दोन आकड्यांची बेरीज. पिंगलाच्या छंदःशास्त्रावर दहाव्या शतकात टीका लिहिणाऱ्या हलायुधाने हाच 'मेरुप्रस्तार' सांगितला. पास्कलचा त्रिकोण त्यानंतर कितीतरी शतकांनी आला.

आता तुमची पाळी. भुजंगप्रयातात चार य गण, म्हणजे बारा अक्षरांत चार लघू. बारा अक्षरांचे एकूण लघुगुरूक्रम ४०९६. त्यांपैकी नेमके चार लघू असलेले किती? वहीत मेरू बाराव्या ओळीपर्यंत उतरवा. माझं उत्तर ४९५ आलं, आणि या वेळी मी दोनदा तपासलंय.