चोथा पोटात जाऊ द्या!



हंगाम सुरू झाला की ज्याच्या त्याच्या तोंडी टनेज आणि उतारा. या अंकात मात्र आम्ही वेगळ्याच विषयावर लिहीत आहोत. विषय आहे मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कॅन्सर, आणि आपलं रोजचं ताट. शौचाच्या गोष्टी चारचौघांत बोलू नयेत असा आपला रिवाज. पण त्या रिवाजापायी माणसं उशिरा दवाखाना गाठतात, म्हणून आम्ही स्पष्टच लिहिणार आहोत.

शंभर किलो ऊस गाळला की अठ्ठावीस-तीस किलो बगॅस पडतं आणि बॉयलरकडे जातं. चोथा बाजूला काढल्याशिवाय साखर व्हायची नाही, हे कारखान्याचं गणित. पोटाचं गणित याच्या उलटं आहे. धान्याचा कोंडा, डाळीचं साल, भाजीचे धागे हा जो न पचणारा चोथा, तोच मोठ्या आतड्याला हवा असतो.

डेनिस बर्किट नावाचे आयरिश सर्जन युगांडात बरीच वर्षं काम करीत होते. पाश्चात्त्य देशांत नेहमी दिसणारे आतड्याचे विकार तिथल्या खेडुतांत फारसे नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आलं. ते लोक चोथ्याचं अन्न खात आणि त्यांना शौचाला साफ होई. या दोन गोष्टींचा संबंध बर्किटसाहेबांनी १९७१ साली लेख लिहून मांडला. सगळ्यांना तो लगेच पटला असं नाही. १९९९ साली अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत चोथ्याचा फायदा दिसलाच नाही. पण २००३ साली युरोपातल्या दहा देशांतल्या सुमारे पाच लाख लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली, तीत अन्नातून जास्त चोथा घेणाऱ्यांत हा कॅन्सर कमी आढळला. पुढे अनेक पाहण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा रोज दहा ग्रॅम चोथा जास्त गेला तर धोका सुमारे दहा टक्क्यांनी उतरतो असा हिशेब निघाला.

असं का होतं? चोथ्यामुळं मळ मऊ राहतो, लवकर पुढं सरकतो, आणि त्यातली घातक द्रव्यं अस्तराला फार वेळ चिकटून राहत नाहीत. शिवाय आतड्यातले जंतू हा चोथा आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्याच्यावरच पोसतात.

आता ताटाकडे वळू. शंभर ग्रॅम ज्वारीत चोथा सुमारे दहा ग्रॅम. बाजरी, नाचणी आणि न चाळलेली गव्हाची कणीक यांत अकराच्या आसपास. मैद्यात आणि पांढऱ्या तांदळात मात्र तीन ग्रॅमसुद्धा नाही. हरभऱ्यात पंचवीस, मटकीत पंधरा. माणसाला दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम तरी हवा. दोन भाकरींना दोनशे ग्रॅम पीठ लागलं तर वीस ग्रॅम तिथंच झाले. वर मटकीची उसळ, मेथी, कांदा, पेरू. औषधाच्या दुकानात जायचं कामच नाही.

पण पाणी आलं, ऊस आला, हाती पैसा आला, आणि कित्येक घरांत ज्वारीची जागा उसानं घेतली. सकाळी चहाबरोबर खारी-टोस्ट, दुपारी भात, संध्याकाळी वडापाव. पाहुणे आले तर भाकरी वाढायची लाज वाटते! ही लाज आम्हाला अगदी अनाठायी वाटते. कणीक चाळून कोंडा जनावरांपुढं टाकायचा आणि आपण पोट साफ होत नाही म्हणून चूर्ण घ्यायचं, हा व्यवहार तोट्याचा आहे.

मटणाबद्दल विचाराल, तर जत्रेत खाल्लेल्या रश्श्याचा हा प्रश्न नाही. शिजवलेलं मटण आठवड्याला अर्ध्या किलोच्या आत असावं. खारवून, धुरावून टिकवलेलं मांस, म्हणजे सॉसेज-सलामी, हे कॅन्सरला कारण असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २०१५ साली जाहीर केलं आहे. शहरात शिकणाऱ्या पोरांना हे जरूर कळवा. दारूनं हा धोका वाढतो, तंबाखूच्या धुरानंही, सुटलेल्या पोटानंही. दुधाचा उपयोग होतो असं दिसतं. तेव्हा सगळंच डेअरीला घालू नका.

आणि साखर? साखर कारखान्याच्या पत्रिकेत हे लिहिताना हात जरा अडखळतो. साखरेनं थेट हा कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही. पण जादा साखरेनं वजन वाढतं आणि वाढलेल्या वजनानं धोका वाढतो. दिवसभरात सात-आठ कप गोड चहा हे काही कारखान्यावरचं प्रेम नव्हे.

चोथा एकदम वाढवू नका, गॅस धरतो. हळूहळू वाढवा, पाणी भरपूर प्या. आतड्याचं ऑपरेशन झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

चांगलं खाल्लं म्हणजे रोग होणारच नाही, असं मात्र कोणी समजू नये. आतड्यात आधी लहान कोंब उगवतो आणि त्याचा कॅन्सर व्हायला बहुधा दहा-एक वर्षं लागतात. तेवढ्या अवधीत दुर्बिणीनं तो काढून टाकता येतो. आपल्याकडं शौचावाटे रक्त पडलं की ‘मूळव्याध’ म्हणून झाडपाल्याचं औषध चालू होतं आणि वर्ष तिथंच जातं. रक्त पडणं, शौचाची जुनी सवय बदलणं, कारण नसताना वजन उतरणं किंवा अंगातलं रक्त कमी होणं, यातलं काही दिसलं तर, विशेषतः पंचेचाळिशीनंतर, तपासून घ्या. डॉक्टरांना सांगताना मूळव्याधच आहे असं स्वतःच ठरवून सांगू नका. रक्त किती दिवस जातंय आणि रंग कसा आहे ते सांगा, आणि आईवडील किंवा सख्ख्या भावंडांत कोणाला हा कॅन्सर झाला असेल तर तेही सांगा. अशा घरातल्यांची तपासणी इतरांपेक्षा लवकर सुरू करतात.