दिवस मावळण्यापूर्वी



ज्या घरात कधीच भांडण होत नाही असे घर आपल्या धर्मग्रामात शोधूनही सापडणार नाही. नवरा-बायकोत मतभेद होणे हे पाप नव्हे. राग मनात धरून बसणे मात्र घातक आहे. इफिसकरांना लिहिताना संत पौल रागाला दिवस मावळेपर्यंतचीच मुदत देतो.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १३ मे २०१५ रोजीच्या शिकवणीत कुटुंबांना तीन गोष्टी सांगितल्या : विचारून करणे, आभार मानणे आणि क्षमा मागणे. समेटासाठी गुडघे टेकावे लागत नाहीत, लहानशी कृतीही पुरते, असे ते म्हणत. आपल्याकडे पाण्याचा तांब्या पुढे केला किंवा 'जेवलीस का?' एवढे विचारले, तरी अबोला सुटतो.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. जाण्याआधी मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि तिच्यावरून घरात वाद पेटतो. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल फेडायला दोघांनाही फडात राबावे लागते. मग ती किती घ्यायची, कशावर खर्चायची, हे एकट्याने का ठरवावे? पैसे दारूत गेल्यावर भांडण्यापेक्षा ते घेण्याआधी दोघांनी बसून बोलावे.

बोलताना काही पथ्ये पाळू या. कोणी प्यालेले असेल तर हिशेबाचा विषय काढू नये. तो सकाळी काढावा. एकमेकांच्या आईबापांचा उद्धार करू नये. 'देज मोजून तुला आणली' हे शब्द तर तोंडून निघताच कामा नयेत. बायको विकत घेतलेली नसते.

मारहाण म्हणजे भांडण नव्हे, तो गुन्हा आहे. लग्न लागले म्हणून मार सोसलाच पाहिजे, असे ख्रिस्तसभा शिकवत नाही. जोडीदारामुळे स्वतःला किंवा मुलांना गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्याची मुभा ख्रिस्तसभेच्या कायद्यात, कलम ११५३ मध्ये, आहे. सरकारचा २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदाही पाठीशी आहे. मदतीसाठी १८१ हा क्रमांक लक्षात ठेवू या.

आज मिस्साहून घरी गेल्यावर दोघांनी शेजारी बसून यंदाचा खर्च मांडावा. प्रभू आपल्या घरांना शांती देवो.