दिवा आणि नोंदवही

हाती दिवा घेऊन रात्रीच्या अंधारात जखमी सैनिकांच्या खाटांमधून जाणाऱ्या एका स्त्रीचे चित्र तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. ते चित्र फ्लॉरेन्स नाइटिंगेल या थोर परिचारिकेचे होय. १८५५ मध्ये इंग्लंडातील एका सचित्र वृत्तपत्राने ते छापले आणि त्या घरोघरी ठाऊक झाल्या. परंतु ज्या साधनाने त्यांनी पुढे असंख्य जीव वाचविण्याची वाट दाखविली, ते साधन या चित्रात दिसत नाही. ते साधन म्हणजे त्यांची नोंदवही.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत एका धनाढ्य इंग्रज कुटुंबात झाला. त्या नगरीचेच नाव मुलीला ठेवण्यात आले. त्या काळी रुग्णसेवा हे कुलीन स्त्रीला न शोभणारे काम समजले जाई. घरच्यांनी कडवा विरोध केला. तरी आपला निश्चय न सोडता १८५१ मध्ये तिने जर्मनीतील कैझर्सवर्थ येथे शुश्रूषेचे शिक्षण घेतले.

१८५३ मध्ये रशिया आणि तुर्कस्तान यांच्यात क्रिमियाच्या युद्धास तोंड लागले. पुढील वर्षी इंग्लंड व फ्रान्स तुर्कस्तानच्या साह्यास धावले. आजारी व जखमी इंग्रज सैनिकांना जहाजांतून इस्तंबूलसमोरील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात आणीत. तेथील हालांची वार्ता प्रसिद्ध होताच सरकारने नाइटिंगेलबाईंना पाचारण केले. नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ सहकारी स्त्रियांसह त्या तेथे पोहोचल्या.

पाहतात तो काय! इमारतीखालची गटारे तुंबलेली, अंथरुणे मळलेली, उंदरांचा सुळसुळाट! बाईंनी फरशा घासून घेतल्या, कपडे धुण्याची सोय केली आणि रुग्णांना सकस अन्न मिळेल अशी व्यवस्था लावली. रात्री घडीचा तुर्की कंदील घेऊन त्या एकेका रुग्णाची विचारपूस करीत.

इतके करूनही त्या हिवाळ्यात मृत्यूंची संख्या वाढतच राहिली. मार्च १८५५ मध्ये इंग्लंडहून आलेल्या आरोग्य मंडळाने गटारे उपसली, पाण्याची शुद्धी केली, हवा खेळती केली. तेव्हा कोठे मृत्यू झपाट्याने घटले.

१८५६ मध्ये युद्ध संपले. मायदेशी परतल्यावर बाईंनी मृतांचे आकडे तपासले. बहुसंख्य सैनिक जखमांनी मेले नसून, टाळता येण्याजोग्या रोगांना बळी पडले होते! ज्या रुग्णालयात आपण दिवसरात्र राबलो, तेथेच हे घडले, हे सत्य त्यांच्या जिव्हारी लागले असेल. तरीही त्यांनी ते दडविले नाही. उलट, ते सर्वांना पटावे म्हणून १८५८ मध्ये त्यांनी एक रंगीत आकृती प्रसिद्ध केली. तिच्यात वर्षाच्या बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या होत्या. जखमांनी झालेले मृत्यू तांबड्या रंगात, तर टाळता येण्याजोग्या रोगांचे मृत्यू निळ्या रंगात दाखविले होते. निळा रंग कितीतरी अधिक पसरलेला पाहून कोणालाही त्याचा अर्थ उमगावा!

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी परिचारिकांसाठी विद्यालय स्थापन केले. त्या भारतात कधीच आल्या नाहीत. परंतु येथील सार्वजनिक आरोग्यासाठी त्यांनी अनेक वर्षे लेखणी झिजविली. १९१० मध्ये त्यांचे देहावसान झाले. १२ मे हा त्यांचा जन्मदिन आज जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो.

कधी रुग्णालयात गेलात, तर तेथील सिस्टरांचे काम नीट पाहा. रुग्णाला धीर देता देता त्या त्याचा ताप मोजतात, नाडी पाहतात, औषधाची वेळ सांभाळतात आणि सारे कागदावर टिपतात. पाळी संपली की रुग्णाची हकीकत पुढच्या पाळीच्या परिचारिकेला समजावून देतात. मध्यरात्री चढलेला ताप टिपलाच नाही, तर सकाळी येणाऱ्या डॉक्टरांना तो कळणार कसा? करुणेने माणूस रुग्णाजवळ जातो. पण त्याला बरे करण्यास काळजीपूर्वक निरीक्षणाचीही जोड लागते.

स्वाध्याय
१. मार्च १८५५ नंतर मृत्यू का घटले?
२. रंगीत आकृतीने कोणते सत्य उघड केले?
३. 'दिवा आणि नोंदवही' हे नाव पाठास कसे शोभते, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.