एका गुंठ्यात गादीवाफे: कुदळ मारण्याआधीचा हिशोब

व्हिडिओत वाफे कसे ओढायचे ते पाहिलंत. आज कागद-पेन घ्या, कारण भाजीच्या धंद्यात पैसा कागदावरच वाचतो. आपण धरलेली भाजी मेथी.

माझी पहिली चूक आधी सांगतो. पहिल्या वर्षी मी अख्खा गुंठा एकाच रविवारी मेथीने पेरला. उगवली झकास! पण सगळी एकदमच तयार झाली. घरोघरी किती देणार? उरलेली बाजारात व्यापारी देईल त्या भावाने टाकली, शेवटची तर पिवळी पडून जनावरांना गेली. पीक चांगलं आलं आणि धंदा बुडाला. पुढची सगळी आखणी या एका गोष्टीसाठी आहे.

गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 1089 चौरस फूट. वाफा 3 फूट रुंद ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचतो आणि वाफ्यावर पाय पडत नाही. पाय पडला की माती दबली, मग गादीवाफ्याचा उपयोग काय? दोन वाफ्यांत दीड फूट वाट, चारी कडांनीही दीड फूट. असे 30 फूट लांबीचे 7 वाफे बसतात. आता गुणाकार करा: पेरणीची जागा फक्त 630 चौरस फूट! बियाणं, खत, उत्पन्न, सगळं या आकड्यावर धरा. बरेच जण 1089 वर नफा काढतात आणि नंतर कपाळाला हात लावतात.

उंची नऊ इंच. त्यासाठी विटा-फळ्यांचे चौकोन बांधून माती विकत आणायचा मोह होतो. सात वाफ्यांना जवळपास पावणेपाच ब्रास माती लागेल, भाव तुम्हीच विचारून या. गच्चीवर तो खर्च टळत नाही, पण शेतात कशाला? वाटेची सहा इंच माती वाफ्यावर ओढा. वाट सहा इंच खाली, वाफा तीन इंच वर, झाले नऊ! पावसाचं जास्तीचं पाणीही वाटेने निघून जातं; फक्त वाटांचं तोंड उताराकडे मोकळं ठेवा. शेणखत मात्र पूर्ण कुजलेलंच घाला. कच्च्या खताबरोबर तण आणि हुमणी फुकट येते.

आता पेरणी. मेथी साधारण 25 ते 30 दिवसांत निघते. दर पाच दिवसांनी एकच वाफा पेरा. सातवा वाफा पेरायच्या दिवशी, म्हणजे तिसाव्या दिवशी, पहिला काढायला आलेला असतो. तो काढा, पाच दिवसांत तण आणि खत उरका, पस्तिसाव्या दिवशी पुन्हा पेरा. मग दर पाच दिवसांनी एक वाफा ताजा माल! कोथिंबिरीला दीड महिना धरा आणि पाचाऐवजी सात दिवसांचं अंतर ठेवा. (धने रगडून दोन फोडी केल्याशिवाय पेरू नका, हे नवखे हमखास विसरतात.)

एका वाफ्यात किती जुड्या निघतील? माती, बियाणं, हंगाम, तिन्हींवर ते ठरतं, म्हणून दुसऱ्याचा आकडा उचलू नका. पहिला वाफा काढाल तेव्हा जुड्या मोजून वहीत लिहा. त्याआधी, आजच, जवळच्या दोन खानावळी आणि एका भाजीवाल्या मावशींकडे जा. "दर पाच दिवसांनी किती जुड्या घ्याल?" एवढंच विचारा. उत्तर तीन वाफ्यांपुरतंच आलं, तर मेथीचे तीनच वाफे धरा आणि उरलेल्या चारांत काय लावू हेही मावशींनाच विचारा.