कुमारवयीनांसाठी समूह-चिकित्सा : सत्त्वावजयाचे एक उपयोजन

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की शिरःशूल, अरुचि, उदरशूल व अनिद्रा या तक्रारी घेऊन येणाऱ्या मुलामुलींची संख्या चिकित्सालयात वाढते. पालकांची मागणी बहुधा एकच असते, ‘स्मरणशक्तीचे औषध द्या’. प्रस्तुत लेखकाने एका पंधरा वर्षांच्या मुलावर तीन महिने अम्लपित्ताची चिकित्सा केली. उपशय मिळेना. हा शूल रविवारी होतो का, हा साधा प्रश्न विचारण्यास मात्र फार उशीर झाला. रविवारी शूल नसे. वडील शेजारी बसून प्रत्येक प्रश्नाचे उत्तर स्वतःच देत असत. पुढे हा मुलगा एका समुपदेशकाच्या समूहात जाऊ लागला. तेथे काय बोलणे झाले हे समुपदेशकाने सांगितले नाही व मी विचारलेही नाही. काही आठवड्यांनी मुलगाच म्हणाला, “शाळेत जाताना पोटात गोळा येणारा मी एकटाच नाही, हे तिथे कळलं.” या एका वाक्याने प्रस्तुत विषयाच्या अभ्यासाची प्रेरणा दिली.

शास्त्रीय भूमिका

चरकाचार्यांनी औषधाचे दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय असे तीन प्रकार सांगितले आहेत. अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह हे सत्त्वावजयाचे स्वरूप होय. विमानस्थानातील वयोविचारात सोळा वर्षांपर्यंत धातू अपरिपक्व असतात, तर त्यापुढे तीस वर्षांपर्यंत धातुगुण वाढत असूनही सत्त्व प्रायः अनवस्थित असते, असे प्रतिपादन आहे. म्हणून या वयातील चंचलतेस केवळ ‘वाईट वळण’ म्हणून हिणवणे शास्त्रसंमत नाही.

त्याच विमानस्थानात संभाषेचे दोन प्रकार वर्णिले आहेत. संधाय संभाषेत परस्परांवर विश्वास ठेवून, पराजयाचे भय न बाळगता बोलणे असते. विगृह्य संभाषेत प्रतिपक्षाला जिंकण्याचा हेतू असतो. हे वर्णन वैद्यांच्या शास्त्रचर्चेविषयी आहे, रुग्णचिकित्सेविषयी नाही, हे ध्यानात ठेवावे. प्राचीन ग्रंथांत आधुनिक समूह-चिकित्सा शोधण्याचा अट्टाहास नको. तथापि समूहातील संवाद कसा असावा, यासाठी संधाय संभाषेइतका चांगला आदर्श दुसरा नाही.

आधुनिक विकास

१९०५ साली बोस्टन येथे डॉ. जोसेफ प्रॅट यांनी क्षयरुग्णांचे साप्ताहिक वर्ग सुरू केले. आरोग्यशिक्षणासाठी एकत्र आलेले रुग्ण एकमेकांना धीर देतात, असे त्यांच्या लक्षात आले. पुढे अर्विन यालोम यांनी १९७० साली प्रकाशित झालेल्या आपल्या ग्रंथात समूहातील उपचारक घटकांची मांडणी केली. ‘माझे दुःख माझ्या एकट्याचे नाही’ ही जाणीव, आशा आणि इतरांच्या उपयोगी पडण्याचे समाधान हे त्यांतील प्रमुख होत. कुमारवयात समवयस्कांचा शब्द पालकांच्या शब्दाहून जड ठरतो, म्हणून या वयात समूहाचे बळ अधिक असते.

उत्तर युगांडातील विस्थापितांच्या छावण्यांत १४ ते १७ वयोगटातील ३१४ मुलामुलींवर झालेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. परस्परसंबंधांवर आधारित समूह-चिकित्सेने मुलींमधील विषादाची लक्षणे लक्षणीय प्रमाणात कमी झाली. मुलांमध्ये मात्र तसा निश्चित लाभ दिसला नाही. एकच साचा सर्वांना लागू पडत नाही, हा यातील बोध होय.

समूहाची रचना

१) साधारणतः सहा ते आठ सदस्य असावेत व त्यांच्या वयात दोन-तीन वर्षांहून अधिक अंतर नसावे.
२) आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी एक ते दीड तासाची बैठक घ्यावी. मध्येच नवा सदस्य घेऊ नये.
३) दोन प्रशिक्षित संचालक असावेत. पालकांची संमती घ्यावीच, परंतु मुलाची स्वतःची इच्छाही विचारावी.
४) पहिल्याच बैठकीत गोपनीयतेचा नियम व त्याची मर्यादा सांगावी. जिवाला धोका असल्यास, तसेच २०१२ च्या पॉक्सो कायद्यान्वये लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास, ती कळवावीच लागते.
५) बोलण्याची सक्ती नसावी. गप्प बसलेला मुलगाही ऐकत असतो.

सावधानता

समूह हे तीक्ष्ण औषध आहे. अयोग्य योजना झाल्यास अपाय करते. केवळ उपद्रवी वर्तनाची मुले एकत्र बसवल्यास ती एकमेकांच्या बढाईला हसून दाद देतात व दोष वाढतो, असा इशारा डिशियन व सहकाऱ्यांनी १९९९ साली दिला होता. आत्महत्येचा सक्रिय विचार, उन्मादाची लक्षणे किंवा तीव्र व्यसन असल्यास प्रथम मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आयुर्वेदातील मनोविज्ञान व मानसरोग या विषयाच्या पदव्युत्तर पदवीधारकांचा मानसिक आरोग्य व्यावसायिकांत समावेश आहे. इतर वैद्यांनी स्वतः समूह चालवण्यापेक्षा योग्य रुग्ण ओळखून योग्य ठिकाणी पाठवणे श्रेयस्कर. औषधयोजना, निद्रा, आहार व दिनचर्या यांची जबाबदारी आपलीच राहते.

औषधविक्रेत्यांस विनंती

ब्राह्मी वा अश्वगंधेची कल्पे वारंवार नेणारा विद्यार्थी, झोपेच्या गोळीची चौकशी करणारी मुलगी आपल्यासमोर प्रथम येते, वैद्यासमोर नव्हे. चिठ्ठीविना झोपेचे औषध देऊ नये. गिऱ्हाईकांच्या गर्दीत प्रश्न न विचारता बाजूस घेऊन ‘झोप लागत नाही का?’ एवढेच विचारावे. केंद्र शासनाची २०२२ साली सुरू झालेली टेली-मानस ही निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. तो क्रमांक दर्शनी भागी लावण्यास काहीच खर्च नाही.

उपसंहार

सत्त्वावजय हे वैद्याने एकट्यानेच द्यावयाचे औषध नाही. कधी ते समवयस्काच्या मुखातूनही मिळते. ते मिळेल अशी जागा दाखवणे, हेही चिकित्साकर्मच होय. आणि तत्पूर्वी, पालकांना क्षणभर बाहेर बसवून मुलाला एक प्रश्न विचारावा : रविवारी कसे वाटते?