उन्हाळ्यातील नेमबाजी शिबिर : नेम, ऊन आणि संयम

सातपुड्याच्या दक्षिणेकडील उतारावर, मध्य प्रदेशातील सौंसर तालुक्यात मोहगाव वसलेले आहे. सौंसर व पांढुर्णा हे तालुके पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते. २०२३ साली त्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. येथील घराघरांत मराठी बोलली जाते, शिवारात संत्र्याच्या बागा आहेत आणि बाजारहाटासाठी लोकांची पावले नागपूरकडे वळतात. भाषेप्रमाणे येथील उन्हाळाही विदर्भाशी नाते सांगणारा आहे. नागपूर येथे मे २०१३ मध्ये ४७.९ अंश सेल्सियस इतक्या तापमानाची नोंद झाली होती. रोहिणी नक्षत्रात सूर्याचा प्रवेश झाल्यानंतरचे नऊ दिवस, म्हणजे नवतपा, या भागातील आबालवृद्धांच्या परिचयाचे आहेत.

शाळा-महाविद्यालयांची दीर्घ सुटी नेमकी याच काळात येते. त्यामुळे शनिवार-रविवारची अल्पमुदतीची नेमबाजी शिबिरेही पुष्कळदा याच दिवसांत भरतात. अशा शिबिरास जाणाऱ्या मोहगावसारख्या गावातील विद्यार्थ्याने पूर्वतयारी कोणती करावी, उन्हाचा नेमावर परिणाम कसा होतो व दोन दिवसांत काय शिकून परतावे, याचा विचार येथे केला आहे.

नेमबाजीची वाट

भारतात नेमबाजीच्या खेळास संघटित रूप देणारी राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे संस्थापक अध्यक्ष होत. त्यांच्या नावाने भरणारी अखिल भारतीय स्पर्धा नवोदित नेमबाजांच्या परिचयाची आहे. राष्ट्रीय छात्रसेनेची स्थापना १९४८ सालच्या अधिनियमान्वये झाली आणि तिच्या शिबिरांतून हजारो सामान्य घरांतील मुलामुलींच्या हाती प्रथमच रायफल आली. मुंबईच्या अंजली भागवत यांचा नेमबाजीशी परिचय छात्रसेनेतूनच झाला. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये त्यांनी एअर रायफलच्या अंतिम फेरीपर्यंत मजल मारली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्यूनिक येथे विश्वविजेत्या ठरल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी या लहानशा गावचे स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकले.

मध्य प्रदेशातही २००७ पासून भोपाळ येथे राज्य शासनाची नेमबाजी अकादमी आहे. तिचे विद्यार्थी ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर हे खरगोन जिल्ह्यातील ग्रामीण भागातून आले. हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत सप्टेंबर २०२३ मध्ये तोमर, कुसाळे व अखिल श्योराण या तिघांच्या संघाने सुवर्णपदक मिळविले. खेड्यातून येणाऱ्या मुलास ही वाट बंद नाही, हे यावरून दिसून येते. मात्र या वाटेवरील पहिले पाऊल योग्य रीतीने पडणे अगत्याचे आहे.

चूक बंदुकीची की नेमबाजाची?

गोळी निशाणावर लागली नाही की नवशिका प्रथम बंदुकीस अथवा काडतुसास दोष देतो. उन्हाळ्यात तर उष्णतेचे निमित्त हाताशीच असते. या समजुतीत तथ्य किती, हे साध्या गणिताने पाहता येते.

शिबिरांत बहुधा .२२ बोअरची रायफल वापरतात. तिच्या गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर असतो. ५० मीटर अंतर कापताना ती गोळी गुरुत्वाकर्षणामुळे सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. हवा तापली की विरळ होते व काडतुसातील दारूही किंचित जोमाने जळते. त्यामुळे गोळीचा वेग थोडा वाढतो. ही वाढ एक टक्का धरली, तर गोळी खाली येण्याच्या अंतरात सुमारे दोन टक्क्यांचा, म्हणजे अडीच मिलिमीटरच्या आसपास फरक पडेल.

आता नेमबाजाकडून होणारी चूक पाहू. रायफलीच्या मागील छिद्रातून पुढील माशी पाहून नेम धरावयाचा असतो. या दोहोंमधील अंतर ७० सेंटिमीटर धरू. नेम धरताना माशी छिद्राच्या मध्यापासून केवळ एक मिलिमीटर सरकली, तर ५० मीटरवर गोळी सुमारे ७१ मिलिमीटर दूर जाते. ५० मीटर स्पर्धेच्या लक्ष्यपटावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या चुकीचे मोल कळते.

तात्पर्य, उन्हाने काडतुसात घडणारा फरक दोन-तीन मिलिमीटरचा आणि नेमबाजाच्या हाताडोळ्यांत घडणारा फरक त्याच्या कित्येक पटींचा. ऊन निशाण चुकविते ते मुख्यतः नेमबाजाच्या शरीरावाटे. म्हणून उन्हाळी शिबिरात प्रथम शरीर सांभाळावयास शिकले पाहिजे.

घाम, श्वास आणि नाडी

शरीर तापले की त्वचेकडे अधिक रक्त धाडून ते स्वतःस थंड करू पाहते. घामावाटे पाणी जाते, रक्ताचे आकारमान घटते आणि तेवढेच काम करण्यासाठी हृदयास अधिक ठोके द्यावे लागतात. जमिनीवर पालथे पडून नेम धरताना दंडाला आवळलेल्या पट्ट्यातून नाडीचा प्रत्येक ठोका रायफलीपर्यंत पोहोचतो व माशी तालावर हलताना दिसते. सावलीत बसून, पाणी पिऊन नाडी शांत होऊ देणे हाच यावर उपाय आहे. पट्टा अधिक आवळल्याने ठोके अधिकच जाणवतात.

श्वासाचेही तसेच आहे. सामान्यतः श्वास सोडल्यावर जो स्वाभाविक विराम येतो, त्यात आठ-दहा सेकंदांच्या आत चाप हळुवार दाबला जावा. श्वास त्याहून अधिक काळ रोखल्यास दृष्टी अंधुक होऊ लागते व स्नायू थरथरतात. उकाड्यात धाप लागलेली असता हा विराम आणखी आखूड होतो. अशा वेळी चाप ओढून मोकळे होण्याचा मोह आवरावा, रायफल खाली घ्यावी, दोन-तीन दीर्घ श्वास घ्यावेत आणि पुन्हा आरंभ करावा.

घामाचा थेंब डोळ्यात गेला तर नेम धरणेच अशक्य होते. कपाळास सुती पट्टी बांधावी, डोक्यावर पुढे झाप असलेली टोपी असावी व हात पुसण्यास स्वच्छ पंचा जवळ ठेवावा. नेमबाजीचा जाड कोट फेऱ्यांच्या मध्यंतरात अवश्य काढून ठेवावा. पहिल्याच शिबिरास येणाऱ्यास अशा कोटाची गरज नाही. लांब बाह्यांचा सुती सदरा व कोपरांखाली जाड सतरंजी पुरेशी होते.

मृगजळाची फसवणूक

तापलेल्या जमिनीलगतची हवा वर चढू लागली म्हणजे तिच्यातून येणारे प्रकाशकिरण वाकतात. लक्ष्यपटावरील काळे वर्तुळ लहरताना दिसते. वाऱ्याची मंद झुळूक असेल, तर ते वाऱ्याच्या दिशेस किंचित सरकल्यासारखेही भासते. डांबरी सडकेवर दिसणारे मृगजळ ते हेच. नेमबाज प्रतिमेवर नेम धरतो, पण गोळी जाते ती रायफलीच्या नळीच्या रोखाने. पालथे पडून नेम धरताना दृष्टिरेषा जमिनीजवळून जाते, त्यामुळे हा दोष अधिक जाणवतो. लागोपाठ गोळ्या झाडल्यावर तापलेल्या नळीवरूनही अशाच लहरी उठतात.

मृगजळाशी झगडू नये. त्याचे निरीक्षण करावे. लहरी सरळ वर उठत आहेत की एका बाजूस वाहत आहेत, हे पाहून वाऱ्याचा अंदाज बांधता येतो. परिस्थिती पालटली की थांबावे व पूर्वीसारखी होताच गोळी झाडावी. जाणते नेमबाज अर्धे यश अशा थांबण्यातूनच मिळवितात.

दोन दिवसांची आखणी

उन्हाळी शिबिरात प्रत्यक्ष गोळीबार सकाळी सहा ते दहा या वेळात उरकणे हितावह आहे. त्या वेळी जमीन तापलेली नसते, वाराही बहुधा कमी असतो. दुपारी अकरा ते चार या वेळात छपराखाली रायफलीचे भाग, नेम धरण्याचे तत्त्व व सुरक्षेचे नियम शिकावेत. कोरडा सराव, म्हणजे काडतुसाविना नेम व चाप यांचा अभ्यास, याच वेळी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली करावा. सायंकाळी थोडा गोळीबार घ्यावयाचा झाल्यास प्रकाशाची दिशा बदललेली असते, हे ध्यानात ठेवावे.

पहिल्या दिवशी गुणांचा विचार करू नये. पाच गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडल्या, एवढेच पाहावे. गोळ्यांचा पुंजका एका जागी पडू लागला म्हणजे तो मध्यभागी आणणे हे दर्शक फिरविण्याचे काम आहे; पुंजकाच विखुरलेला असेल तर दर्शक फिरविण्यात अर्थ नाही. प्रत्येक फेरीनंतर वेळ, ऊन, वारा, पुंजक्याचा आकार आणि थकवा यांची नोंद वहीत करावी. दुसऱ्या दिवशी हीच वही शिक्षकाचे काम करते.

पाणी आणि उष्माघात

शरीरास उष्णतेची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. दोन दिवसांत ती होत नाही. शेतात राबणाऱ्या मुलास उन्हाची थोडी सवय असते, तथापि तोही निर्धास्त राहू नये. तहान लागण्याची वाट न पाहता थोडेथोडे पाणी पीत राहावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून केलेले पाणी उपयुक्त ठरते. कैरीचे पन्हे व ताकही चांगले. उपाशीपोटी मैदानावर जाऊ नये.

पाणी पिण्यापूर्वी हात साबणाने धुण्याचा नियम मात्र कटाक्षाने पाळावा. गोळी शिशाची असते. गोळीबारानंतर शिशाचे सूक्ष्म कण हातांवर राहतात आणि वारंवार पाणी पिण्याच्या निमित्ताने ते पोटात जाऊ शकतात.

चक्कर, मळमळ, डोकेदुखी अथवा पायांत गोळे येणे ही धोक्याची पहिली सूचना होय. असे होताच रायफल प्रशिक्षकाच्या स्वाधीन करून सावलीत जावे. बोलणे असंबद्ध होणे, शुद्ध हरपणे व अंग भट्टीसारखे तापणे ही उष्माघाताची लक्षणे असून त्यात प्राणास धोका असतो. रुग्णास तत्काळ सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

भान सुटू नये

.२२ रायफल हे खेळाचे साधन असले तरी ते प्राणघातक शस्त्र आहे व शस्त्र अधिनियम, १९५९ त्यास लागू आहे. म्हणून नियम थोडे पण अनुल्लंघनीय आहेत. नळीचे तोंड सदैव निशाणाकडे असावे. नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवू नये. गोळीबार थांबविण्याचा आदेश होताच रायफल रिकामी व खुली करून खाली ठेवावी. मैदान सुरक्षित असल्याचे प्रशिक्षकाने जाहीर केल्यावाचून कोणीही रेषेपुढे जाऊ नये. कानांस संरक्षण असावे. काडतुसे उन्हात अथवा बंद मोटारीत ठेवू नयेत.

उन्हाने बधिर झालेला माणूस नेम चुकतोच, पण त्याआधी तो नियम चुकतो. थकलेल्या शिबिरार्थीने आपली फेरी सोडणे हा कमीपणा नव्हे. आपली पाळी आली असताही “आज माझी तयारी नाही” असे सांगण्याचे धैर्य ज्यास आले, त्यास नेमबाजीचा पहिला धडा समजला असे म्हणावे.

दोन दिवसांत कोणी निष्णात होत नाही. घरी परतल्यावर वहीतील नोंदी पाहून कोरड्या सरावातील स्थिती व श्वास यांचा अभ्यास रोज पंधरा मिनिटे शस्त्राविना करता येतो. त्यास ना मैदान लागते, ना काडतुसे. पुढे छात्रसेना, जिल्हा स्पर्धा, राज्य अकादमी अशा पायऱ्या आहेतच. परंतु शिबिरातून परतताना किती गोळ्या झाडल्या यापेक्षा किती वेळा विचारपूर्वक रायफल खाली घेतली, याचा हिशेब विद्यार्थ्याने आधी करावा. वैशाखाच्या उन्हात अंगी बाणलेला हा संयम पुढे प्रत्येक मैदानावर त्याच्या उपयोगी पडेल.