शेतांत सांपडलेला धातु

गेल्या आषाढांत आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें तांब्याचा एक चपटा तुकडा कागदांत गुंडाळून आणला. वडिलांच्या नांगरास तो लागला होता. मुलानें चिंच व राख लावून तो इतका लखलखीत केला होता, कीं जणूं कालच तांबटाच्या दुकानांतून आणिला! "हिरवा डाग निघतां निघत नव्हता, सर," असें तो अभिमानानें म्हणाला. तुकडा कोठें सांपडला, किती खोल होता, शेजारीं खापरें होतीं काय, ह्यांपैकीं एकाही प्रश्नाचें उत्तर त्यास देतां आलें नाहीं.

हे प्रश्न आम्हीं कां विचारले, तें आपल्याच जिल्ह्यांतील एका हकीकतीवरून कळेल. श्रीरामपूर तालुक्यांत प्रवरेच्या डाव्या तीरावर दायमाबाद नांवाचें ओसाड गांव आहे. तेथील पांढरीचा शोध १९५८ सालीं लागला व उत्खननही झालें. पुढें १९७४ सालीं एक भिल्ल गृहस्थ झुडपाचें मूळ खणीत असतां त्यांस कांशाच्या चार भरीव मूर्ति सांपडल्या: दोन बैलांचा रथ व त्यांत उभा असलेला सारथी, एक रेडा, एक हत्ती आणि एक गेंडा. चोहोंचें वजन मिळून ६० किलोंहून अधिक! एकटा रथच सुमारें ४५ सेंटिमीटर लांब आहे.

परंतु त्या मूर्ति कोणत्या थरांतून निघाल्या, हें पाहण्यास त्या वेळीं कोणी अभ्यासक जवळ नव्हता. म. न. देशपांडे, एस. आर. राव व एस. ए. साळी ह्या संशोधकांनीं त्या हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळांतील, म्हणजे सुमारें ४००० वर्षांपूर्वींच्या मानिल्या. डी. पी. अग्रवाल ह्यांनीं धातूंत सोमल एक टक्क्याहून अधिक असल्याचें दाखवून त्या पुष्कळ अलीकडच्या असाव्या, असें मत दिलें. वाद अद्याप मिटला नाहीं. त्या गृहस्थांस मात्र बोल लावूं नये. त्यांनीं तें कांसें मोडींत घातलें नाहीं, हे आपणांवर उपकारच होत.

ह्याच प्रवरेकांठीं, संगमनेरजवळ जोर्वे येथें तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या. तेथें १९५०-५१ सालीं उत्खनन झालें, आणि आतां ताम्रपाषाणयुगांतील एका समग्र संस्कृतीस त्या लहानशा खेड्याचें नांव आहे.

हल्लीं धातुशोधक यंत्र विकत मिळतें. त्याच्या वेटोळ्यांतून बदलतें चुंबकीय क्षेत्र जमिनींत शिरतें, त्यामुळें धातूंत सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात, आणि यंत्र ओरडतें. परंतु जुन्या पितळी तोटीसाठीं ओरडतें तसेंच तें सातवाहनांच्या नाण्यासाठींही ओरडतें. वय त्यास कळत नाहीं. माणूस मात्र आवाज ऐकतांच उतावळेपणानें सारे थर फोडून खड्डा खणतो.

पालकांच्या मनांत येथें एक भीति असते: सरकारास कळविलें तर सर्वच जाईल. १८७८ चा निखात निधि कायदा तसें म्हणत नाहीं. दहा रुपयांहून अधिक किंमतीची ठेव सांपडल्यास कलेक्टरांस लेखी कळवावें. ठेव बेवारशी ठरली व दुसरा करार नसला, तर शोधणारास तीन चतुर्थांश व जमीनमालकास एक चतुर्थांश मिळतो. सरकारनें ती घेतल्यास धातूची किंमत व वर तिचा पांचवा हिस्सा मिळतो. लपविणारास मात्र हिस्साही नाहीं, आणि वर शिक्षा.

आमच्या विद्यार्थ्यानें पुढल्या रविवारीं वडिलांस विचारून ती जागा शोधिली. विहिरीच्या बाजूस, बांधापासून नऊ पावलांवर. तेथें आतां एक बाभळीची खुंटी रोविली आहे, आणि तेवढा तुकडा वडिलांनीं यंदा नांगरला नाहीं.